कुंकवाची खूण

टीव्ही बिघडला तवा वॉरंटीत होता, पण मेकॅनिकवर माहा काडीचा भरोसा नव्हता. चांगला पार्ट काढतेत अन् जुना बसवतेत हे लोक! म्हणून यवतमाळहून अब्रार मेकॅनिक यायच्या आधीच मी मागचं झाकण खोललं, आतल्या एकेका पार्टाले कुंकू लावलं अन् झाकण परत बसवलं. आता बदलून दाखव म्हणा!

अब्रारनं आल्या आल्या झाकण पाह्यलं अन् पेचकस पिशवीत परत टाकला.

"काहून? खोलत नाही का?"

"मावशी, कंपनीचं सील फाटलं. वॉरंटी गेली. कोनं खोललं?"

"मले काय मालूम? तुमच्याच दुकानातून तसं आलं असन!"

फाटक्या सीलवर उमटलेला कुंकवाचा अंगठा त्यानं मले दाखवला, अन् मग माह्या हाताकडे पाह्यलं.