कोऱ्या काचेवरचा उजेड

"काचा तूच धुतेस ना, दर्शना? मग जबाबदारी तुझीच," मृणालिनी मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत हे थांबलं नाही तर तुझं कॉन्ट्रॅक्ट मी पुढे पाठवणार नाही."

नाहूरच्या या लॅबमध्ये चार वर्षं मी काचा धुते. इथे डेंग्यू ओळखणारं यंत्र बनतंय. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब टाकायचा. डेंग्यूचं प्रथिन असलं की ते पट्टीला चिकटतं, आणि त्याला जोडलेला रंग निळ्या उजेडात हिरवा चमकतो. दसऱ्यानंतर मात्र नुसतं पाणी टाकलं तरी पट्टी चमकायला लागली. पाण्याला डेंग्यू! आणि दोष कोणाचा? धुणाऱ्या बाईचा. शिकलेल्यांच्या हातून झालं की ती तांत्रिक अडचण, आमच्या हातून झालं की घाण.

राग आला होताच. पण त्याहून मोठा प्रश्न डोक्यात बसला होता. मी सर्वेशला धरलं. तो मॅडमचा पीएचडीचा विद्यार्थी, माझ्याच वयाचा.

"पाणी चमकतं कसं रे?"

"पाणी नाही चमकत यार. उजेड काचेच्या आत तिरका सोडलाय ना, तो आतल्या आत आपटून परत फिरतो. बाहेर फक्त किंचित डोकावतो आणि तिथेच विझतो."

"किंचित म्हणजे किती?"

"एका केसाच्या जाडीचे पाचशे भाग कर. त्यातला एक."

"मग वर पाण्यात काय तरंगतंय ते त्याला दिसतच नाही?"

"नाही. काचेला चिकटलंय तेवढंच दिसतं."

च्यायला, झकास! उंबरठ्यावरूनच दाराला कोण टेकलंय ते ओळखणारा उजेड. पण मग माझ्या काचेला टेकलंय कोण? आणि साबणानेही हलत कसं नाही?

दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि हात थांबला. डब्याचं प्लॅस्टिकचं झाकण पिवळंधमक. वर्षभर घासतेय, जात नाही.

"सर्वेश, दसऱ्याला इथे काय केलंत?" मी नव्हते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही घरचे सगळे नागपूरला, दीक्षाभूमीवर जातो.

"नवीन यंत्राची पूजा. मॅडमनीच केली."

"पट्ट्यांच्या डब्याला हळदकुंकू लावलं?"

"लावलं. का गं?"

पट्ट्यांच्या डब्याच्या झाकणाच्या खाचेत पिवळी पूड अजून होती. उघडलं की थोडी आत, थोडी बोटांना.

मॅडमना बोलावून सांगितलं. "हळद? काहीतरीच! चिमूटभर तर लावली होती."

"मॅडम, केसाचा पाचशेवा भाग बघणाऱ्या उजेडाला चिमूट म्हणजे पोतं झालं."

सीलबंद पाकिटातली पट्टी काढली, पाणी टाकलं. अंधार. खाचेतली पूड ब्रशने तिला लावली, साबणाने धुतली, पुन्हा पाणी टाकलं. हिरवी चमकली. मग स्पिरिटने पुसली. अंधार.

"वाट लागली," सर्वेश पुटपुटला. "तीन आठवडे आपण हळदीला डेंग्यू समजत होतो."

मॅडमनी नोंदवही ओढली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'बाहेरील धूळ'.

"धूळ नाही मॅडम."

"तेच ते."

"तेच ते नाही. धूळ म्हटलं की सगळे झाडूवालीकडे बघतात. हळद लिहा. कोणी लावली तेही लिहा."

सर्वेश खोकला. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मीही नजर हटवली नाही. शेवटी त्यांनी 'धूळ' खोडलं आणि लिहिलं, 'पूजेची हळद. माझ्याकडून.' खाली सही केली.

"तुझं कॉन्ट्रॅक्टचं पत्र शुक्रवारी पाठवते."

"आजच पाठवा."

त्यांनी तिथेच लॅपटॉप उघडून पाठवलं. माझ्या छातीवरचा दगड उतरला, पण डोक्यातला किडा तसाच.

"मॅडम, कुंकूही मी लावून बघितलं. ते नाही चमकत. असं का?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या आणि स्टूल ओढून माझ्या शेजारी बसल्या. "आण ती कुंकवाची डबी."