चाळीस दिवसांची चूल

आमच्या ह्यांनी घेतलेल्या आठ घरांत पहिली चूल मी पेटवली. त्यातल्या आठव्याचं सांगते.

शाहू महाराज गादीवर येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तेव्हा कोल्हापुरात प्लेग आला. माणसं घरांना कुलपं लावून कळंब्याच्या माळावर झोपड्यांत राहिली. हे दारोदार भांड्यांना कल्हई लावायचे. त्यामुळे कुणाच्या घरात कोण गेलं, कोण आता गावात परत येणार नाही, हे ह्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं. साथ ओसरली तशी असली घरं मातीमोलानं मिळायला लागली. पहिलं घर माझ्या पाटल्या मोडून घेतलं. मी हसत दिल्या. वाटलं, आपलं घर झालं.

पण प्लेगच्या घरात भाडेकरू येईना. कौलं उतरवून आत ऊन दाखवलं, चुना मारला, तरी माणसं उंबऱ्यावरूनच मागं फिरायची. मग ह्यांनी शक्कल काढली. आपणच तिथं चाळीस दिवस राहायचं. कौलांतून धूर निघताना दिसला, बाई नि लेकरू धडधाकट दिसलं, की लोकांचा विश्वास बसतो. खरंच बसला. चाळिसाव्या दिवशी भाडेकरू यायचा आणि आम्ही बोचकी उचलून पुढच्या घरात जायचो.

"ह्यातच ऱ्हाऊया की," मी दर वेळी म्हणायचे.

"फुडचं आपलं," हे म्हणायचे. "एकाच्या भाड्यावर दुसरं घ्यायचं. थांबलं की संपलं."

ह्यांचं ते फुडचं काही येत नव्हतं. आमची नजीरा सहा वर्षांची. तिनं आपली चिंध्यांची झोळी खुंटीला अडकवायचंच सोडून दिलं होतं.

आठव्या घरात नवव्या दिवशी माळ्यावरून मेलेला उंदीर पडला. ह्यांनी तो फडक्यात गुंडाळून बाहेर टाकला. म्हणाले, मांजरानं मारलाय. घरात मांजर नव्हतं. तेव्हाच मी पोरीला घेऊन निघायला हवं होतं. मी भाकरी थापत बसले.

तेराव्या दिवशी नजीराला ताप भरला, काखेत गाठ आली. सोळाव्या दिवशी ती गेली. बैलगाडीत पांघरुणाखाली झोपवून आम्ही तिला माझ्या माहेरी, मुरगूडला नेलं आणि तिथंच दफन केलं.

परत आल्यावर हे दाराला आतून कडी लावून बसले. "पोर आजोळी ठेवलीया म्हणून सांगायचं. चूल बंद ठिऊ नगंस. बोभाटा झाला तर आठी घरं रिकामी पडतील."

आमच्यात मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटवत नाहीत. मी त्याच संध्याकाळी पेटवली. रडू आलं नाही. शेजारणीनं विचारलं, पोर कुठाय, तर सांगितलं, मुरगूडला. खोटं नव्हतं.

चाळिसाव्या दिवशी झुंबरबाई म्हणून एक बाई घर बघायला आली. बरोबर तिची मुलगी, नजीराएवढी. मुलगी सरळ आत गेली आणि टाचा उंच करून भिंतीवरल्या रिकाम्या खुंटीला हात लावायला लागली.

"घर चांगलं हाय न्हवं?" झुंबरबाईनं मला विचारलं. "तुमची बी पोरगी हाय म्हणं. कुठं दिसंना?"

"मुरगूडला हाय, आज्जीकडं," हे मागून म्हणाले.

मी त्या मुलीच्या टाचांकडं बघत होते.

"मुरगूडला हाय, खरं कबरीत हाय," मी म्हणाले. "ह्याच घरात गाठ आली तिला."

झुंबरबाईनं मुलीचा दंड धरला आणि तिला ओढतच निघून गेली. दिवस मावळायच्या आत साऱ्या पेठेला कळलं.

पेठेतले दोन भाडेकरू सोडून गेले. मग ह्यांनी बावड्याच्या वाटेला, जिथं आम्हाला कुणी ओळखत नाही, नववं घर घेतलं. चूल पेटवायला आपल्या विधवा बहिणीला, इमामबीला, बोलावून घेतलंय. तिला दोन लेकरं आहेत. मी तिला सगळं सांगून आले. ती म्हणाली, "भाबी, मी तरी कुठं जाऊ?"

हे आठवं घर आता कुणी भाड्यानं घेत नाही, विकतही घेत नाही. म्हणून ते माझं झालं. खुंटीला नजीराची झोळी अडकवलीय.