शेवटच्या ओळीतली आठ पिंपं

"बूच बसवायचं, हातोडीचे दोन ठोके द्यायचे, वरून हात फिरवून बघायचा. मगच खडू घ्यायचा. आधी काम, मग तारीख. कळलं का, नेली?"

तळघर सांभाळणाऱ्या फर्मिन मास्तरांनी कामाच्या पहिल्याच दिवशी हे बजावलं, तेव्हा मला हसू आलं होतं. तारीख लिहायला कसली आलीय अक्कल! पण आमच्या तळघरातला सगळा कारभार त्या खडूवर चालायचा. पिंपाचं लाकूड वाइन पीत असतं. पंधरा दिवसांत वर बोटभर पोकळी होते, आणि तिथे हवा राहिली की वाइन आंबते. ती भरायची, बूच ठोकायचं आणि पिंपाच्या तोंडावर तारीख घालायची. तारीख दिसली की पुढचे पंधरा दिवस त्या पिंपाकडे कोणी ढुंकून बघत नसे.

हे सारं फ्रेंच साहेबांनी लावलेलं वळण. मुस्यू लाफार्ग. त्यांच्या आधी आमच्या मेन्दोसात वाइन सिमेंटच्या टाक्यांत असायची आणि लोक ती सोडा घालून जेवणाबरोबर प्यायचे. मालकांनी साहेबांना बोर्दोहून आणलं, पाठोपाठ ओकची पिंपं आली. साहेबांचं बोलणं कोणाला कळेना. मास्तर मात्र दोन हिवाळे त्यांच्या मागे मागे फिरले आणि हातवाऱ्यांवर सगळं शिकले. पुढे साहेब वर्षातून एकदाच वाइन चाखायला येऊ लागले. परत जाताना ते सगळ्यांना नुसती मान लववायचे; हात हातात घ्यायचे तो फक्त मास्तरांचा. "त्या दिवशी जेवतानासुद्धा हात धुवत नाही हा माणूस," असं त्यांची बायको देल्मिराबाई सांगायची.

नऊ वर्षांपूर्वी माझी आई तापानं जायला टेकली होती. ती उठली तर तुझ्या चर्चपर्यंत अनवाणी चालत येईन, असं मी द्राक्षमळ्यांच्या माउलीला बोलले होते. आई उठली. आठ डिसेंबरला माउलीचा सण. आदल्या दिवशी दुपारी तीनला गावातली माणसं चालत निघणार होती, आणि मी तळघरात शेवटच्या ओळीची आठही बुचं काढून उभी होते. भरायला तासभर तरी लागला असता. बाहेर गाणी सुरू झाली. मी बुचं नुसती हातानं टेकवली, आठही पिंपांवर तारीख घातली आणि धावले. मनात म्हटलं, माउलीच्या कामाला निघालेय, तीच सांभाळेल.

पाय इतके फाटले की मी आठ दिवस अंथरुणाला खिळले. परतले तेव्हा शेवटच्या ओळीवर चिलटं घोंगावत होती. मी पिंपं भरली, बुचं ठोकली. वास मात्र घेतला नाही. घेतला असता तर कळलं असतं, म्हणूनच घेतला नाही.

जानेवारीत साहेब आले. काचेच्या नळीनं प्रत्येक पिंपातली वाइन काढत, चाखत, थुंकत ते शेवटच्या ओळीशी पोचले. तिथे पेला त्यांनी ओठांना लावलाच नाही. दुसऱ्या पिंपाचा नाही, तिसऱ्याचा नाही. आठवं झाल्यावर पेला खाली ठेवून ते तारखांकडे बघत राहिले.

"हा ओळ कोणाचा?" त्यांनी मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं.

माझा हात एप्रनच्या खिशात जपमाळेवर होता. रोज पहाटे ती माळ ओढल्याशिवाय मी तोंडात पाणी घालत नाही. तोंड उघडायची वेळ आली तेव्हा मी मणी मोजत होते.

"माझी," मास्तर म्हणाले.

"फर्मिन? तुमचा?"

"हो साहेब. माझी."

ते आकडे कोणाचे, हे मास्तरांना ठाऊक होतं. लिहायला त्यांनीच तर शिकवलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी साहेब कोणाचाच हात हातात न घेता निघून गेले. महिन्याअखेर मालकांनी मास्तरांना घरी बसवलं आणि तळघराच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या.

तेव्हापासून दर रविवारी प्रार्थना झाली की मी त्यांच्या घरी जाते. शुक्रवारचा उपवास आणि हा रविवार, दोन्ही मी चुकवलेले नाहीत. देल्मिराबाई 'माते' नावाच्या कडवट पाल्याच्या चहासाठी पाणी तापवते, चरबीच्या कुरकुरीत भाकऱ्या पुढे करते आणि नवऱ्याला बोलते.

"बघा ही पोर. देवाधर्माची, कामाची. हिच्या हातून कधी एक थेंब तरी नासला का? आणि तुम्ही! जन्मभर लोकांना शिकवलं आणि स्वतः आठ पिंपांचं व्हिनेगर केलंत. अख्ख्या गावाच्या कोशिंबिरीला पुरलं असतं."

"दोन गावांच्या," मास्तर म्हणतात.

"हसा, हसा. अजून हसताय."

मी भाकरी मोडून खात राहते. ती मला आणखी एक वाढते.

साहेब येऊन गेले की मास्तर हटकून विचारतात, "माझी आठवण काढली का गं त्यांनी?" आणि मी दर वर्षी सांगते, "हो. कसे आहेत म्हणून विचारत होते." साहेबांनी नऊ वर्षांत एकदाही त्यांचं नाव काढलेलं नाही. चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या कानात मी पिंपांबद्दल सांगितलं, या खोटेपणाबद्दलही सांगितलं. दोन्हींची क्षमा मिळाली. ती घेऊन काय करायचं, ते मात्र कळलं नाही.

परवाच्या रविवारी गेले तेव्हा मास्तर दाराशी खुर्ची टाकून बसले होते. हल्ली त्यांचा डावा पाय उचलत नाही.

"साहेबांची ही शेवटची खेप, असं कानावर आलंय," ते म्हणाले.

"हो. थकलेत आता. पुढच्या वर्षीपासून त्यांचा पुतण्या येणार."

देल्मिराबाई आत पाणी आणायला गेली होती. मास्तरांनी दाराकडे बघून आवाज उतरवला.

"दर वर्षी विचारतात म्हणतेस. मग एकदा येत का नाहीत? दोन मैलांवर तर घर आहे."

मी खाली बघितलं. आणखी एक खोटं तयार होतं. साहेबांना वेळ नसतो, मालक सोडत नाहीत, असलं काहीतरी. ते ओठावर आलंच नाही.

"मी आणते त्यांना, मास्तर. या मंगळवारी."

"कसं आणशील?"

"आणीन."

ते माझ्याकडे नीट बघू लागले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

"घरी आई आहे तुझी," ते हळूच म्हणाले. "औषधपाणी चालू असेल."

"आई गेल्या हिवाळ्यात गेली, मास्तर. तुम्ही आला होतात की मातीला."

"हो का. हो, आलो होतो." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "विसरलोच बघ."

ते विसरले नव्हते. मला मागे फिरायला वाट ठेवत होते.

"कोण येणार?" देल्मिराबाई किटली घेऊन बाहेर आली.

"फ्रेंच साहेब," मी म्हटलं.

"इथं? अगं बाई! भिंतीला चुना नाही, ह्यांच्या गालावर आठ दिवसांची दाढी!" किटली तिच्या हातात तशीच राहिली. "ज्याची वाइन ह्यांनी नासवली तो माणूस ह्यांच्याच घरी येणार? देवमाणूस म्हणायचा. तुम्ही एकदा त्यांची माफी तरी मागा हो, फर्मिन. येतील तेव्हा मागाल ना?"

"मागीन," मास्तर म्हणाले. "तू पाणी ओत आधी."

आज मंगळवार. सकाळभर साहेबांनी पिंपं चाखली. मी पेला धरून त्यांच्या मागे होते. या तळघराइतकी स्वच्छ जागा डोंगराच्या अलीकडे दुसरी नाही, असं ते मालकांना म्हणाले, आणि मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

पहाटे मी जप केला, पण माउलीकडे धीर मागितला नाही. तिचं नाव पुढे करून मी एकदा पळाले होते. आजची कबुली तरी माझी मी द्यावी.

दुपारी सगळे जेवायला पांगले. साहेब एकटेच तुतीखालच्या बाकावर बसले होते, मांडीवर पाव आणि चीज. संध्याकाळी त्यांची गाडी सुटणार होती. मी किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढून आतल्या टेबलावर ठेवला. परत मिळतील, न मिळतील. ते मालक ठरवतील. मग अंगणात उतरले.

ऊन खूप होतं. मला येताना पाहून साहेबांना वाटलं असावं, एखाद्या पिंपाबद्दल विचारायला येतेय. त्यांनी बाकावरची आपली टोपी उचलून डोक्यावर घातली आणि माझ्यासाठी जागा केली.