नाश्त्यानंतर एक गोळी

"यात मीठ नाहीये," रिफअत म्हणाला.

"चाखलंस कधी?" नगवाने विचारलं. "अजान व्हायचीय अजून."

"चाखायला कशाला पाहिजे? दिसतंय."

मसुरीचं सूप टेबलाच्या मधोमध वाफाळत होतं आणि ते कोणीच चाखलं नव्हतं. रिफअतचा रोजा होता, त्याच्या बायकोचा, नगवाचा होता, कॉलेजात जाणाऱ्या शैमाचाही होता. त्या घटकेला मन्सूरा शहरातल्या तमाम सुपांत मीठ आहे की नाही, हे एका अल्लालाच ठाऊक होतं.

"मीठ दिसतं होय," नगवा खजूर मांडत म्हणाली. "चष्म्याच्या दुकानात बसून बसून नजर भलतीच तयार झालीय तुझी."

महिन्यापूर्वी या वाक्यावर रिफअत हसला असता. आता तो उठला. खुर्ची मागे पडली. शैमा म्हणाली, "बाबा, पाणी घ्या, होतेच आहे अजान," आणि त्याच वेळी तो बोलला. ओरडून नाही, अगदी स्पष्ट.

"तुला तलाक दिला."

मग टीव्हीवर रोजा सोडायची तोफ उडाली, गल्लीतल्या मशिदीतून अजान सुरू झाली. शैमाने सवयीने खजूर तोंडात टाकला आणि तो तोंडात धरूनच रडायला लागली. काय करावं ते कोणालाच सुचेना, म्हणून नगवाने सूप वाढलं. रोजा तर सोडायचाच होता. रिफअतने एक चमचा घेतला.

मीठ बरोबर होतं.

हा तिसरा तलाक होता. पहिल्या दोनांनंतर बायकोला परत घरात घेता येतं, तिसऱ्यानंतर नाही, आणि रिफअतने दोन्ही वेळा घेतलं होतं. पहिला त्याची आई गेली त्या वर्षीचा. तो दिवसचे दिवस अंथरुणातून उठत नव्हता आणि नगवाने खिडकी उघडली, एवढंच निमित्त. दुसरा मेहुणीच्या लग्नाच्या दिवशी, टायची गाठ बसेना म्हणून. दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत तो लहान पोरासारखा रडला, वडीलधारी मंडळी चहा पिऊन समेट करून गेली. दुसऱ्या समेटानंतर नगवा म्हणाली होती, "आता आपल्याकडे एकच उरलाय. तो जपून ठेवू या." आणि ती त्याला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मन्सूऱ्यातल्या नाही, दुसऱ्या गावच्या, तंत्यातल्या. म्हणजे ओळखीचं कोणी भेटायला नको. दवाखान्याच्या बाकावर त्यांच्याच गल्लीतली दोन कुटुंबं बसली होती. कोणी कोणाला ओळखलं नाही.

डॉक्टर सज्जन होते आणि घाईत होते. "सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी. आपल्या मनाने बंद करायची नाही. पुढचा पेशंट."

रिफअत हा सांगितल्याबरहुकूम वागणारा माणूस. भिंगं घासणाऱ्याला तसंच असावं लागतं. सुरुवातीला पोटात ढवळलं, तोंडाला कोरड पडली, मग हळूहळू माणूस वर आला. सकाळी घेवड्याची उसळ आणि फलाफल खाऊन, गोळी घेऊन तो दुकानात जाई आणि यंत्रावर भिंग धरून गुणगुणत बसे. नगवाने लग्नानंतर पहिल्यांदाच एक अख्खं चांगलं वर्ष पाहिलं.

एक गोष्ट मात्र गेली. नवराबायको शेजारी शेजारी झोपत, बरं बोलत, आणि खरोखरच झोपी जात. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी "काही त्रास?" असं विचारलं, पण नजर दाराकडे होती. रिफअत म्हणाला, "अल्लाची कृपा." नगवा शेजारीच बसली होती. ती पर्सचा बंद सारखा करत राहिली.

आणि मग रमजान आला. रमजानात नाश्ता नसतो. नाश्ता नाही, तर नाश्त्यानंतरची गोळीही नाही. रिफअतने गोळी बंद केलीच नव्हती. नाश्ता बंद झाला होता. पुढे त्याने हे ज्याला त्याला सांगितलं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त त्याच्या मागे आणखी एक खरं होतं. हा महिना गोळीशिवाय गेला, तर गेलेलं परत येतं का, हे त्याला पाहायचं होतं. नगवाला कपाटातली पाकिटं तशीच्या तशी दिसत होती. तिनेही विचारलं नाही. तिलाही थोडी आशा होती, आणि त्या आशेची लाज होती.

परत आलं ते भलतंच. मान वळवली की डोक्यात वीज सरकल्यासारखी झिणझिणी. दुकानाच्या पायऱ्या होडीसारख्या हलायच्या. पडल्या पडल्या भयंकर स्वप्नं. टीव्हीवर तुपाची जाहिरात लागली तरी डोळ्यांत पाणी. दुसऱ्या कुठल्या महिन्यात असतं तर कोणीतरी विचारलं असतं, काय होतंय. पण रमजानात सगळ्या गावाचीच जीभ कोरडी, डोकं जड, दुपारनंतर जो तो दुसऱ्याच्या अंगावर धावून जायला टपलेला. दुकानाचा मालक म्हणाला, "सिगारेटची तलफ, दुसरं काही नाही." रिफअत सिगारेट ओढत नव्हता. मोठा भाऊ हाजी मुतवल्ली म्हणाला, "अशक्तपणा. पहाटे सहरीला अंडी खा." एवढे निदान करणारे असताना डॉक्टरला कोण विचारतो.

सुपाच्या दुसऱ्या दिवशी नगवाने त्याला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात पाठवलं. तिथल्या मरवाबाईंना सगळी गल्ली डॉक्टरीणबाई म्हणते.

"कधीपासून नाही घेतली?" त्यांनी विचारलं.

"चंद्र दिसला तेव्हापासून."

"का?"

"नाश्त्यानंतर घ्यायची असते ना."

मरवाबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "उस्ताज रिफअत, इफ्तारनंतर घ्यायची. नाहीतर सहरीला. रोज एका ठरावीक वेळेला, एवढंच. सूर्य उगवलाय की मावळलाय हे गोळीला काय कळतंय?"

"डॉक्टर म्हणाले होते..."

"आपल्या मनाने बंद करू नका, हेही म्हणाले असतील. एकदम सोडली की असंच होतं. झटके, चक्कर, चिडचिड, रडू. सोडायचीच तर डॉक्टर हळूहळू कमी करत आणतात, आठवडेच्या आठवडे."

"मग राहिलेल्या भरून काढतो," रिफअत म्हणाला. "सुटलेले रोजे नंतर धरतो तसं. रोज दोन-दोन घेतो."

"खबरदार. एकाच्या दोन करायच्या नाहीत. सुटलेला रोजा नंतर धरता येतो, सुटलेली गोळी सुटली. बसा, मी तुमच्या डॉक्टरांना फोन लावते. ते सांगतील तशी सुरू करायची."

फोन झाला. डॉक्टरांनी कशी सुरू करायची ते सांगितलं, आणि लवकर भेटायला बोलावलं. मरवाबाईंनी फोन ठेवून आवाज खाली घेतला. "एक विचारू? सोडावीशी का वाटली? काही त्रास होता? झोपेचा, पोटाचा... नवराबायकोचा?"

रिफअतने समोरच्या टूथपेस्टच्या फळीकडे पाहिलं. "सगळं ठीक होतं."

"असेल तर त्यावरही इलाज असतो. डोस बदलतात, गोळी बदलतात. लोक बोलतच नाहीत. परस्पर सोडून देतात आणि मग येतात माझ्याकडे."

रिफअतने एक टूथपेस्ट घेतली आणि तो घरी गेला.

घरी हाजी मुतवल्ली येऊन बसला होता. बाथरूमच्या फरशांचं त्याचं दुकान होतं, आणि एखाद्या गोष्टीवर फरशी कशी घालावी हे त्याला उपजत कळे.

"उद्या शेख बयूमींकडे जाऊ," तो म्हणाला. "राग आला होता म्हणून सांगायचं. रोज्यात कोणालाही येतो. शेख काहीतरी वाट काढतात."

"आजारी होता म्हणून सांगायचं," नगवा स्वयंपाकघरातून म्हणाली. ती आता शैमाच्या खोलीत झोपत होती. "खरं आहे ते सांगायचं."

"आणि उद्या गाव म्हणेल, त्या घरात वेड्याच्या गोळ्या चालतात. शैमाला मागणी तू आणशील?"

"मागणीला अवकाश आहे, हाजी. माझं लग्न आज मोडतंय."

हाजीने रिफअतकडे पाहिलं. रिफअत मान हलवत नव्हता. हलवली की वीज सरकत होती. दोघांनीही त्याचा अर्थ आपापल्या सोयीने लावला.

शेख बयूमींची खोली मशिदीला लागून होती. चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक पंखा. शेख वयाने थकलेले होते, पण माणसं जोडून ठेवायची त्यांना हौस होती. नगवा दाराशी बसली, हाजी भावाच्या शेजारी.

"रागाचे प्रकार असतात, बाळा," शेख म्हणाले. "बोलतोय काय हे माणसाला कळतंय, तर तलाक पडतो. पण आजाराने भानच सुटलं असेल, तर तो शब्द मी मोजत नाही. डॉक्टरांचं म्हणणं मागवून घेईन, पण आधी तुझ्या तोंडून ऐकायचंय. तू औषध घेतोस म्हणे?"

हाजी खाकरला.

"खाकरू नका, हाजी. औषधात ऐब कसला? मी साखरेचं घेतो. बोल, रिफअत. कधी सोडलंस?"

"रमजान लागल्यावर."

"का?"

"नाश्त्यानंतर घ्यायचं होतं."

हाजी हसला. शेखांचीही दाढी हलली. "अरे, मग रात्री आपण जे रेटून खातो ते काय असतं? साखरवाले घेतात, रक्तदाबवाले घेतात, आणि लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणाऱ्या माणसाला एवढं कळलं नाही? हे मला पटत नाही, बाळा. दुसरं काही कारण असेल तर सांग. मला एक धागा दे, म्हणजे मी ही गाठ सोडवतो."

दुसरं कारण होतं. ते दोघांनाच माहीत होतं. हाजी मुतवल्ली पुढे झुकला. गिऱ्हाइकाच्या खिशाचा अंदाज घेताना झुकायचा तसाच. रिफअतचे ओठ हलले नाहीत. तेव्हा नगवाने तोंड उघडलं. तिचं एक वाक्य पुरलं असतं. तिने शेखांकडे पाहिलं, मग दिराच्या पुढे आलेल्या मानेकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

तिने ते मिटलेलं रिफअतला दिसलं.

"दुसरं काही नाही, शेखसाहेब," तो म्हणाला. "औषधाचा संबंध नाही. मी शुद्धीत होतो. काय बोललो ते मला माहीत होतं."

शेखांनी पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा, हळू, परीक्षेत अडलेल्या पोराला मास्तर उत्तर सुचवतात तसं. रिफअतने दरवेळी तेच सांगितलं. शेवटी शेखांनी डोळे मिटले आणि जे म्हणायचं होतं ते म्हटलं: तलाक पडला.

हाजीने भावाच्या पाठीवर थाप मारली. "मर्द आहेस."

नगवा उठून बाहेर गेली होती.

ती नदीपलीकडे तल्ख्याला भावाच्या घरी राहायला गेली. शैमा चार दिवस इकडे, तीन दिवस तिकडे. रिफअत ईदनंतर तंत्याला गेला, एकटाच. दार लावून घेतलं आणि डॉक्टरांना ती गोष्ट सांगितली. चिठ्ठी लिहायला जेवढा वेळ लागला, त्याहून सांगायला कमी लागला. डॉक्टर म्हणाले, "असं होतं बऱ्याच जणांचं. आधी का नाही बोललात?" त्यांनी जुनी गोळी हळूहळू उतरवली, दुसरी चढवली. नवी गोळी त्याला मानवली. झटके गेले, झोप आली, आणि ती गेलेली गोष्टही परत आली. म्हणजे आता सगळं व्यवस्थित होतं. फक्त घरात कोणी नव्हतं.

थंडी पडल्यावर एका दुपारी शैमा आईला घेऊन दुकानात आली. नगवाला तांदळातले खडे दिसेनासे झाले होते. तिला दुसऱ्या दुकानात जायचं होतं; शैमाने ओढून आणलं आणि मैत्रिणीचा फोन आल्याचं सांगून ती बाहेर जाऊन उभी राहिली.

रिफअतने नगवाला खुर्चीत बसवलं आणि समोरच्या तक्त्यावरच्या, एका बाजूने तुटलेल्या गोलांकडे काडी नेली. "कुठल्या बाजूला उघडं आहे?"

तिने हाताने दाखवलं. उजवीकडे. वर. खाली. पुढची ओळ लहान होती. ती थांबली.

"दिसत नाही," ती म्हणाली.

"असू द्या," तो म्हणाला. "त्याचाच चष्मा करायचाय."

आयुष्यात पहिल्यांदा तो तिला अहोजाहो करत होता. तिने एकदा वर पाहिलं. एक साधी तपकिरी फ्रेम तिने पसंत केली. आठवड्याने ती चष्मा न्यायला आली, या वेळी एकटीच.

इतर गिऱ्हाइकांना रिफअत स्वतः चष्मा घालून बघतो. कानामागे बोट घालून काडी कुठे टोचते, कुठे सैल आहे ते पाहतो. त्याने नगवाचा चष्मा काउंटरच्या काचेवर ठेवला आणि तिच्याकडे सरकवला. तिने तो उचलून डोक्यावरच्या रुमालाच्या कडेखालून कानांवर बसवला. डावी बाजू खाली येत होती.

"काढा जरा."

तिने काढून काचेवर ठेवला. त्याने काडी गरम हवेवर धरली, अंदाजाने वाकवली आणि पुन्हा काचेवर ठेवली. तिने पुन्हा घातला.

"बसला?"

"बसला," नगवा म्हणाली.

बसला नव्हता. ते त्याला दिसत होतं, आणि कानामागे हात नेल्याशिवाय ते दुरुस्त होणारं नव्हतं. त्याने कापडाचा तुकडा आणि डबी पिशवीत घालून दिली. ती "सलाम" म्हणून बाहेर पडली. काचेतून तो बघत राहिला. पायरी उतरताना तिने खाली पाहिलं, तसा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. तिने बोटाने तो वर ढकलला आणि चालू लागली. फळांच्या गाडीपाशी पुन्हा ढकलला. पुढे वळणावर, आणखी एकदा.