अंगणातली खोली

अंगणात चुन्याची फक्की मारून माईंची नवी खोली आखून झाली आणि घरातली माणसं तिच्यात उभी राहून वाद घालू लागली. वाद कसला, या घरात आवाज कुणी चढवतच नसे. जो तो दुसऱ्याच्या सोयीचं बोलायचा, त्यामुळे कशाचाही निकाल लागायचा नाही.

"खिडकी पूर्वेला घेऊ. आईंना सकाळचं ऊन मिळेल," सून म्हणाली.

"ऊन डोळ्यांवर येईल तिच्या," मुलगा म्हणाला. "आई, तुला काय वाटतं?"

"चालेल," माई म्हणाल्या.

नवरा गेल्यापासून माईंचं हे असं होतं. चालेल हा मोठा सोयीचा शब्द. तो टाकला की समोरचा गप्प बसतो आणि आपल्याला काही वाटून घ्यावं लागत नाही. मोरीत खरखरीत फरशी? चालेल. भिंतीला धरायला दांडी? चालेल. रंग बदामी की पिस्ता, यावर सुनेने सकाळभर डोकं खपवलं, तेव्हा माईंना तिची कीव आली, बस्स. बाकी सगळं बधिर. दातवाल्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं. लोक म्हणायचे, माई किती खंबीर! खंबीर कसल्या डोंबलाच्या. बाईंना काही जाणवतच नव्हतं, आणि ते बोलून दाखवायचीही चोरी होती.

नव्या खोलीचं कारण सरळ होतं. माईंचे गुडघे गेले होते आणि त्यांची झोपायची खोली वरच्या मजल्यावर होती. जिना चढताना त्या मध्येच कठड्याला धरून उभ्या राहायच्या, आणि खाली मुलगा श्वास रोखून बघत असायचा. त्यावर तोडगा म्हणून अंगणात ही खोली.

"माई, एकदा चालून बघा बरं," आर्किटेक्ट बाई म्हणाली. कानामागे पेन्सिल खोचलेली चटपटीत बाई होती ती. "इथे तुमचा पलंग. आता तुम्हाला घरात जेवायला जायचंय. चला."

माई निघाल्या. फक्कीतल्या मोकळ्या जागेतून बाहेर पडल्या, घराला वळसा घालून पुढच्या दाराशी आल्या, आणि तिथल्या उंच पायऱ्या बघून थबकल्या.

"बघितलंत?" आर्किटेक्ट बाई मुलाकडे वळली. "मी कधीची सांगतेय, घरातून दार हवं. ही अडगळीची खोली लागूनच आहे, तिच्यातून वाट काढू."

"ती बंद असते," मुलगा म्हणाला.

"मग उघडू की."

सून पदराशी चाळा करू लागली.

माईंनी आर्किटेक्ट बाईच्या हातातला नकाशा घेतला. घराच्या मागच्या कोपऱ्यातल्या चौकोनात मुलाच्या अक्षरात लिहिलं होतं, अडगळ.

"अडगळ?" माई म्हणाल्या.

"मला दुसरं काही लिहवेना गं," मुलगा म्हणाला.

"मला वाटलं, मी घरात नकोशी झाले तुम्हाला. म्हणून अंगणात," माईंनी वेळ सांगावी तसं सांगितलं.

"आई, काहीतरीच काय!" सुनेचा चेहरा कसनुसा झाला. "आम्हाला वाटलं, तुम्हालाच या घरात राहवत नाही. सगळ्याला हो म्हणत होतात!"

माई पायऱ्या चढल्या. एकेका पायरीला दोन्ही पाय टेकवत चढल्या आणि थेट त्या खोलीशी गेल्या. दार नुसतं ओढलेलं होतं. शेवटच्या आजारपणात मुलाचे बाबा याच खोलीत होते, आणि ते गेले त्या दिवसापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. सून केर काढत उंबऱ्यापर्यंत यायची आणि मागे फिरायची.

त्यांनी दार ढकललं. आत पलंग, शेजारी मोरी, आणि पूर्वेची खिडकी.

आर्किटेक्ट बाई टेप घेऊन मागोमाग आली आणि उभीच राहिली. "अहो, खोली तर आहे की तुमच्याकडे! खालीच आहे. मग मला कशाला बोलावलंत?" हे बोलल्यावर तिला पलंगावरची चुरगळलेली चादर दिसली, कोपऱ्यातली काठी दिसली, आणि ती मुकाट्याने बाहेर निघून गेली.

माई खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. आता येईल रडू, असं त्यांना वाटलं. त्यांनी वाट पाहिली. आलं नाही. एवढी वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याच्या उशीकडे बघत त्या कोरड्या उभ्या होत्या, आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

मग त्यांनी चादर ओढून काढली आणि तिची घडी घातली. "माझा पलंग खाली आणा," त्या म्हणाल्या. "हा वर जाऊ दे."

त्यांनी वळून पाहिलं. पोराबाळांचा बाप झालेला त्यांचा मुलगा उंबऱ्याबाहेर भिंतीला कपाळ टेकून ढसाढसा रडत होता. माईंना त्याचा हेवा वाटला.

"आत ये," त्या म्हणाल्या. "रडायचं तर इथे येऊन रड, मी आहे. पण आधी पलंगाचं हे टोक धर, मला एकटीला हा उचलवणार नाही."