काचेवरची सात पानं

वर्षाराणीच्या फ्रीजला भामाबाई गारपेटी म्हणायच्या. हातभर लांबीची पांढरी पेटी, तिला जोडलेली बॅटरी आणि बॅटरीला जोडलेली काळी सोलरची काच. बिऱ्हाड हललं की हे सगळं गोधडीत गुंडाळून घोड्यावर चढायचं. भामाबाईंचे मालक बिरू हसायचे, "आमच्या घोड्यावर कोकरं बसायची, आता सूनबाईंचा फ्रीज बसतोय. उद्या कूलर आणंल!"

हसायचे, पण पेटी त्यांनीच दोरीनं घट्ट आवळून बांधलेली असायची. कारण गेल्या सालचं कुणी विसरलं नव्हतं. भातं कापलेल्या रानात मेंढरं बसवली, त्यांनी रानात सांडलेलं भात अधाशासारखं खाल्लं आणि आठ दिवसांत एकोणीस मेंढरं गेली. दुबळी नव्हेत, चांगली भरलेली. संध्याकाळी रवंथ करत बसलेली मेंढी सकाळी मान मागं टाकून ताठ झालेली असायची. डॉक्टर म्हणाले, आंत्रविषार. भाताच्या रानात घालायच्या आधी तीन आठवड्यांच्या अंतरानं दोन सुया टोचा, आणि औषध दिवसरात्र गार ठेवा.

सून वर्षाराणी बारावी झालेली. तिनं भोरला जाऊन पशुसखीचं, म्हणजे जनावरांना सुया-औषध देण्याचं शिक्षण घेतलं, तिथल्या संस्थेनं तिला ही पेटी दिली. पुढची खेप कधी येईल त्याचा नेम नाही म्हणून डॉक्टरांनी दोन्ही वेळच्या बाटल्या एकदमच तिच्या हवाली केल्या. पहिली सुई पासली गावाला मुक्काम असतानाच तिनं स्वतः टोचली, एकशे बारा मेंढरांना. त्या दिवशी बिरू पहिल्यांदा तिला "बाळ" म्हणाले.

भामाबाईंनी मात्र आपल्या परीनं दुसरं काही धरलं होतं. कार्तिक महिनाभर रोज अंघोळ करून सूर्यनारायणाला पाणी द्यायचं, रुईची सात पानं वाहायची आणि मगच तोंडात घास घालायचा. मागणं दोनच. देवा, मेंढरं राख, आणि माझ्या सुनेच्या हाताला यश दे. एरवी सोमवार, गुरुवार, एकादशी हे चालूच असायचं, पण कार्तिकाचं हे व्रत त्यांनी फक्त त्या पेटीसाठी घेतलं होतं. वाटचालीत असताना पानं ओढ्याच्या काठी वाहिली, विंझरला एका दगडावर वाहिली.

उत्रोलीला येऊन बिऱ्हाड टेकलं. भातं कापून झाली होती. रानमालक म्हणत होता, मेंढरं बसवा लवकर. वर्षाराणी म्हणाली, "पाच दिस थांबा मामा. दुसरी सुई टोचली की खुशाल घाला." तोवर मेंढरं टेकडीला चारायची ठरलं. सकाळी बिरू, मुलगा सिद्धनाथ आणि वर्षाराणी कळप घेऊन जायचे, बिऱ्हाडाशी भामाबाई एकट्या.

जाताना वर्षाराणी रोज बजावायची, "आत्याबाई, काचेवर सावली पडू देऊ नका हां."

आणि भामाबाई जिवापाड जपायच्या. कोंबडी उडून बसली की हाकलायच्या, धुणं लांब वाळत घालायच्या, ऊन फिरलं की काच फिरवायच्या. पहिल्याच सकाळी पाणी देऊन वळल्या, तर समोर ती काच उभी. सगळा सूर्य तिच्यात उतरलेला. भामाबाईंचे हात आपोआप जोडले गेले. दगडावर कशाला, देव हितंच तर येऊन बसलाय की! त्यांनी सातही पानं काचेच्या खालच्या कडेला ओळीनं टेकवली, मधोमध कुंकू लावलं. सांजेला कळप यायच्या आत पानं उचलली, मेंढरांच्या पायदळी नकोत म्हणून झाडाच्या बुंध्याशी ठेवली आणि रुईचा चीक ओल्या पदरानं पुसून काच लख्ख केली. पाचही दिवस असंच. पूजेची पानं म्हणजे सावली, हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी सांजेला सगळे परतले तेव्हा बॅटरीवरचा हिरवा दिवा तांबडा झालेला. वर्षाराणीनं तारा काढून परत जोडल्या, काच निरखून पाहिली.

"मोबाईल लावतीस ना तिला," बिरू म्हणाले. "तो पितोय सगळी."

"डॉक्टरांना फोन कराया लागतो, मामा. दिसातनं एकदाच लावते."

"एकदाच! डॉक्टर काय तुझ्या म्हायेरचा हाय, एवढं बोलाया?"

त्या दिवसापासून तिनं मोबाईल बंदच ठेवला. तरी पाचव्या दिवशी सांजेला पेटी उघडली तेव्हा आतून ऊब आली. तिनं बाटली हातात घेतली, गालाला लावली आणि तशीच खाली बसली. मोबाईलमध्ये उरली होती तेवढ्या चार्जिंगवर तिनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, टोचू नका, फेकून द्या. नवीन औषध यायला वीस दिवस तरी.

"वीस दिस मेंढरं काय हवा खातील?" बिरूंचा आवाज चढला. टेकडीवर गवताची काडी उरली नव्हती. खाली जिकडं बघावं तिकडं भाताचीच रानं. दुसऱ्या सकाळी त्यांनी कळप रानात घातला. वर्षाराणी आडवी गेली नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

चौथ्या दिवशी दोन मेंढ्या पडल्या. मग पाच. मग रोज उठून मोजायचं तेवढं राहिलं. चौदा झाल्यावर बिरूंनी मोजणंही सोडलं. ते सुनेशी बोलेनात. सिद्धनाथ खड्डे खणायचा आणि वर्षाराणी मेंढीचे पाय धरून ओढत न्यायची, एकटी, कुणाची मदत न मागता. एका सकाळी बिरू भामाबाईंना म्हणाले, पण ऐकवलं सुनेला, "तिला सांग, पेटी संस्थेला परत कर म्हणावं. पशुसखी झाली एवढं बास झालं. उद्या टेम्पो येतोय."

त्या दिवशी वर्षाराणी कळपामागं गेली नाही. परत देण्याआधी बिघाड कशात आहे ते तरी कळावं म्हणून ती ताडपत्रीखाली बॅटरीपाशी बसली. शेजारच्या छोट्या डब्यावर काचेतून किती वीज येते त्याचा आकडा दिसायचा. आकडा चांगला होता. काच चांगली, तारा चांगल्या. ती तो आकडा नुसती बघत राहिली.

बाहेर भामाबाई पाणी देऊन आल्या. गेले काही दिवस रोज मेंढरं जात होती, पण व्रत मोडलं नव्हतं. त्यांनी पहिलं पान टेकवलं, दुसरं टेकवलं, एकेक करत सहा टेकवली. आत डब्यावरचा आकडा घसरत गेला.

"आत्याबाई!"

वर्षाराणी ताडपत्रीखालून वाकून बाहेर आली होती. भामाबाईंच्या हातात सातवं पान होतं.

तिनं खाली बसून एक पान उचललं, आत जाऊन डबा बघितला. परत आली, सगळी पानं उचलली. आत गेली. आकडा पुन्हा वर चढला होता. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मेलेली मेंढी ओढताना असायचा तसा होता.

"रोज?" तिनं विचारलं.

"रोज," भामाबाई म्हणाल्या. "सांज झाली का काढते. पुसून घेते गं, चीक राहू देत न्हाई." आणि बोलता बोलताच त्यांना कळलं. "सात पानंच की गं, वर्षा. एवढी मोठी काच..."

"खालची कड झाकली का समदी काच झोपती, आत्याबाई." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "म्या कड झाकू नका म्हणून सांगितलं न्हाई. सावली म्हणाले नुसती."

तिनं पानं सासूच्या ओंजळीत परत ठेवली आणि तारा गुंडाळायला लागली.

सांजेला बिरू हातपाय धुऊन बसले तसं भामाबाईंनी सगळं सांगितलं. काहीही न झाकता, पहिल्या दिवसापासून. "पोरीचा दोष न्हाई वो. माझ्यापायी गेली मेंढरं."

बिरूंनी त्यांच्याकडं बघितलं आणि हसले. या आठवड्यात पहिल्यांदाच.

"देवाला वाहिलेल्या पानांनी मेंढरं मरत्यात व्हय गं? खुळी का काय! सुनंला पाठीशी घालाया दुसरं काय सुचलं न्हाई?"

"आवं, खरंच सांगते. तिनं आकडा दावला मला."

"आकडं तिचंच की! सासूला बी पढवलंस व्हय गं पोरी?"

भामाबाईंनी सिद्धनाथकडं बघितलं. तो खोऱ्याची माती खरवडत होता. "आई, तुमी उपासानं थकलाय," तो म्हणाला. "जेवा."

वर्षाराणी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

सकाळी टेम्पो पेटी, बॅटरी आणि काच घेऊन भोरकडं गेला. काच उभी असायची तिथं गवत पिवळं पडून चौकोन उमटला होता. कार्तिक संपायला चार दिवस होते. भामाबाई तांब्या आणि रुईची पानं घेऊन त्या चौकोनाशी उभ्या राहिल्या. पाणी सोडलं. "देवा, मेंढरं राख," म्हणाल्या. पुढचं मागणं ओठांवर आलं, आणि तेवढ्यात काठी खांद्यावर टाकून वर्षाराणी समोरून गेली. आता तिच्या हातात फक्त काठी होती. ती थांबली नाही. तिनं बघितलंही नाही.

भामाबाई तशाच उभ्या राहिल्या. ऊन चढलं. पानांचा चीक बोटांना चिकटून वाळला, तरी ती पानं कुठं ठेवावीत ते त्यांना उमजेना.