अर्जाची शेवटची ओळ

"नाही म्हणायचं तर नाही म्हणा. दोन अक्षरं लिहायला दोन महिने लागतात होय यांना?"

माझी लेक पडद्यापलीकडे पुटपुटत होती. आमच्या घरात भिंती कमी आणि पडदे जास्त, त्यामुळे पुटपुटणं म्हणजे सगळ्यांना ऐकवणंच. सकाळपासून सातव्यांदा तिनं फोनवर मेल उघडून पाहिली होती.

"वकीलसाहेब," तिचा बाप बुटाची नाडी बांधत म्हणाला. लिफ्टदुरुस्ती हा त्याचा धंदा. "अडकलेल्या माणसाला मी काय सांगतो? बटणं दाबत बसू नका. त्यानं लिफ्ट लवकर हलत नाही."

"बाबा, त्याला निदान आपण कितव्या मजल्यावर आहोत ते माहीत असतं."

"त्याला तरी कुठलं माहीत असतं," असं म्हणून तो हत्यारांची पिशवी उचलून निघून गेला.

लेकीचं इथल्या लॉ कॉलेजात पहिलं वर्ष झालं. वर्गात पहिली आली, तेव्हा तिच्या सरांनीच तिला बाजूला घेऊन सांगितलं, की इथे राहून गंजशील, दुसऱ्या वर्षाला मोठ्या ठिकाणी बदलून जा. मग तीन कॉलेजांना अर्ज गेले. एकानं तिसऱ्याच आठवड्यात नकार कळवला. दुसऱ्यानं प्रतीक्षा यादीत टाकलं, म्हणजे उंबऱ्यावर उभं केलं. तिसरं रेल्वेनं अठरा तासांवर. तिचा सगळा जीव तिथे लागलेला, आणि नेमकं तेच मूग गिळून बसलं होतं.

या दोन महिन्यांत आम्ही तिघं फार जपून बोलायचो. 'निकाल आल्यावर' चालायचं, 'पुढच्या महिन्यात' चालायचं. 'तू गेल्यावर' असं कुणाच्या तोंडून निघत नव्हतं. नवऱ्यानं एका रविवारी माळ्यावरची मोठी बॅग काढून तिच्या चाकांना तेल घातलं. का, तर म्हणे कुरकुरत होती. माळ्यावर पडल्यापडल्या कुणासाठी कुरकुरत होती, ते मी विचारलं नाही. मी तरी कुठे शहाणी? लेकीच्या आवडीचं आठवड्यातून चारदा रांधत होते, आणि तीही बिचारी चारदा 'छान झालंय' म्हणत होती.

कोर्टाच्या फाटकासमोर माझं टायपिंगचं टेबल आहे. बावीस वर्षं झाली. कॉलेजची पायरी मी चढलेली नाही. कायदा जेवढा येतो तेवढा बोटांतून वर आलेला. लोकांच्या भांडणांवर माझं शिक्षण झालं म्हणा. त्या तिसऱ्या कॉलेजला 'मला इथे का यायचं आहे' असं निवेदन सहीनिशी टपालानं हवं होतं. लेकीनं हातानं लिहून दिलं, मी टाइप केलं, तिनं सही केली, पाकीट गेलं. प्रत्येक कागदाची एक प्रत माझ्या फायलीत राहते, तशी याचीही राहिली.

परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, बघू तरी पोरगी काय लिहिते. टाइप करताना मी मजकूर वाचत नाही, बोटं वाचतात. फार सुरेख लिहिलं होतं. एका जुन्या खटल्याबद्दल लिहिलं होतं, तो शिकवणाऱ्या बाईंबद्दल, आणि त्या कॉलेजच्या ग्रंथालयाबद्दल, जे तिनं फक्त फोटोत पाहिलंय. वाचता वाचता मलाच तिथे जाऊन बसावंसं वाटायला लागलं. आणि सगळ्यात शेवटी ओळ होती : 'सदर अर्ज नामंजूर झाल्यास अर्जदाराची कोणतीही हरकत राहणार नाही.'

ही ओळ तिची नव्हती, माझी होती. नळजोडणी असो, दुकानाचा परवाना असो, प्रत्येक अर्जाच्या शेपटीला मी ती लावते. नम्र दिसते, साहेबलोकांना बरी वाटते. बोटांनी सवयीनं लावून टाकली, असं मी मनाला सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते तितकंसं पटलं नाही.

दोन दिवस मी लेकीच्या नजरेला नजर दिली नाही. आज दुपारी माझा विसरलेला चष्मा द्यायला ती टेबलाशी आली, तेव्हा मी तिच्यापुढे दोन कागद ठेवले. एक ती प्रत. दुसरं कॉलेजला पत्र, की शेवटची ओळ चुकून आली आहे, ती रद्द समजावी.

"यावर सही कर. आजच्या टपालानं जाईल."

तिनं दोन्ही कागद ओळीखाली बोट धरून सावकाश वाचले.

"आई, हे मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"सही केली तेव्हापासून. न वाचता सही करायची नाही, हे तूच शिकवलंयस ना?"

"मग खोडायला काय हात मोडले होते? म्हणे वर्गात पहिली."

"मला वाटलं, तू मुद्दाम लिहिलंयस." ती हळू बोलत होती. "म्हटलं, हिला तोंडानं सांगवत नाहीये, तर निदान कागदावर राहू दे."

शेजारच्या टेबलावरचा झेरॉक्सवाला एकदम कोरे कागद मोजायला लागला.

"सवयीनं पडलं ते," मी म्हटलं.

"बरं."

"अगं, खरंच."

"बरं म्हटलं ना." तिनं पेन उचललं, टोपण काढलं आणि तशीच थांबली. "मी करते सही. पण आधी तू बोल. घरात सगळे नुसते माझ्याभोवती दबक्या पावलांनी फिरताय. मला त्या मेलपेक्षा त्याचाच जास्त त्रास होतो."

बावीस वर्षं लोक माझ्यासमोर त्या खुर्चीवर बसून आपलं खरं सांगतात आणि मी लिहून घेते. स्वतःचं सांगायची वेळ आली तर माझी बोटं मांडीवर नुसती हलत होती, टाइप केल्यासारखी. तिनं घाई केली नाही. एक माणूस अर्ज घेऊन आला, त्याला तिनंच हातानं थांबा म्हणून सांगितलं.

"मला तू जायला नको आहेस," मी म्हटलं. "त्यांनी नाही म्हणावं, असं रोज वाटतं मला. कर आता सही."